वाचक विचारतात : डिस्टोपियन कथा

प्रश्न : माझ्या कथेत 2080 साली महापुरात शहर नष्ट होतं, उरलेली माणसं अन्नासाठी झगडतात. हिला डिस्टोपियन म्हणता येईल का?

उत्तर : एवढ्यावर नाही. ही प्रलयोत्तर कथा झाली. डिस्टोपियात, म्हणजे माणसाला चिरडणाऱ्या काल्पनिक समाजात, व्यवस्था सहसा कोसळलेली नसते, उलट ती फार चोख चालते आणि स्वतःला आदर्श म्हणवते. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’ या 1949 सालच्या कादंबरीत चॉकलेटचं आठवड्याचं रेशन 30 ग्रॅमवरून 20 वर येतं. दुसऱ्याच दिवशी ते 20 ग्रॅमपर्यंत ‘वाढवल्या’बद्दल आभाराचे मोर्चे निघाल्याची बातमी येते, आणि लोक ती मानतात. पाळत आणि भाषेची काटछाट कादंबरीत इतरत्र आहेच, पण इतिहासाची खाडाखोड या एका प्रसंगात एकवटते. धाक हवाच असंही नाही. आल्डस हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या 1932 च्या कादंबरीत सोमा नावाच्या गुंगीच्या गोळ्या आणि चैन यांनी माणसं ताब्यात राहतात. मला हा प्रकार जास्त भीतिदायक वाटतो.

तुमच्या कथेत पुरानंतर पाणीवाटप करणारी यंत्रणा आणा. तिचा एकच नियम ठरवा आणि तो स्वयंपाकघरात, कचेरीत, नवरा-बायकोच्या बोलण्यात काय करतो ते दाखवा. नायक सुरुवातीला तो नियम पाळणारा, शक्यतो राबवणारा असू द्या. पहिल्याच पानावर बंडखोर नायक आला, की व्यवस्थेची पकड वाचकाला जाणवतच नाही. नव्या लेखकांची दुसरी चूक म्हणजे सुरुवातीची दहा पानं राजवटीचा इतिहास सांगण्यात घालवणं. तो रेशनच्या रांगेतल्या बोलण्यातून झिरपू द्या. आणि खलनायक एकटा हुकूमशहा नको. तो मेला की प्रश्न सुटतो, मग ती साहसकथा होते.