रिसीटमधला ‘पी’

‘मॅडम, पोरीच्या शाळेत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.’ जून उजाडला की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतंच. कधी ते आई बोलते, कधी बढती नाकारून बसलेला कारकून, कधी पुण्याला मुलाखतीसाठी निघालेला इंजिनियर. दुखणं एकच. इंग्रजी थोडंफार कळतं, पण तोंडातून निघत नाही, कारण निघालं तर उच्चार चुकेल आणि लोक हसतील. इतक्या जणांना तेच ते सांगून झाल्यावर वाटलं, एकदा लिहूनच काढावं. एका बाईंची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कारखान्यात सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही तेच म्हणेन.

अक्का चाळिशीला टेकलेल्या. घरात तेलुगू, शिक्षण बारावीपर्यंत मराठी शाळेत. सोलापूरच्या पूर्व भागात सासरचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, हिशेब त्याच बघतात. माझ्याकडे आल्या त्या डोकेदुखीसाठी, सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्यानंतर. तिसऱ्या भेटीत खरं बाहेर आलं. इंग्रजी माध्यमात दुसरीला असलेल्या लेकीची फी भरायला गेल्या आणि खिडकीत ‘रिसीप्ट द्या’ म्हणाल्या. लेक मोठ्यानं म्हणाली, ‘मम्मी, रिसीप्ट नाही, रिसीट!’ मागे रांगेत दोघीजणी हसल्या. तेव्हापासून पालकसभेला नवरा जातो आणि सभेच्या तारखेला अक्कांचं डोकं दुखतं.

त्यांनी स्वतः उपाय केला नव्हता असं नाही. पिशवीतून दोनशे पानी वही काढली. शब्द, स्पेलिंग, अर्थ. शब्दकोशातल्या पहिल्या पानापासून सुरुवात आणि सहा महिन्यांत ‘सी’पर्यंत मजल.

‘यातला एखादा शब्द कुणाशी बोलताना वापरलात?’

बराच वेळ पानं उलटत राहिल्या. ‘एकही नाही ओ.’

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. अक्कांची पिढी पाचवीत एबीसीडी शिकली, तीही फळ्यावरून. त्यांच्या कानावर इंग्रजी पडलंच नाही, डोळ्यांपुढे मात्र खूप आलं. म्हणून त्या दिसेल तसं वाचतात. मराठीवर वाढलेल्या माणसाला तेच बरोबर वाटणार! पण हे नुसतं सांगून भीती जात नाही, हे मला पूर्वीच्या अनुभवांनी शिकवलं आहे. मी वही बाजूला ठेवली.

‘अक्का, तुम्हाला कन्नड येतं ना? कुठं शिकलात?’

‘शिकले कुठं? बाजारात अक्कलकोटकडच्या बायका येतात भाजी घेऊन. त्यांच्याशी बोलून बोलून आलं.’

‘चुकायचं?’

‘लई चुकायचं! एकदा दर विचारायला गेले नि भलतंच काहीतरी बोलले. ती हसली, मीबी हसले. मग तिनंच नीट सांगितलं.’

‘आणि शाळेच्या खिडकीत का नाही हसू आलं?’

अक्का गप्प झाल्या. मीही गप्प राहिले. प्रश्न विचारणं सोपं असतं, त्यानंतर तोंड मिटून बसणं हे आमच्या कामातलं खरं कसब. पंख्याचा आवाज ऐकू येण्याइतकी शांतता झाली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘कन्नड चुकलं तर कन्नड चुकतं, मॅडम. इंग्रजी चुकलं की मी चुकते.’

इतक्या वर्षांत इतकं नेमकं निदान मी कुणाकडून ऐकलं नव्हतं, आणि ते त्यांनी स्वतःच केलं होतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानते. 1955 च्या सुमारास त्यांनी मांडलेला विचार साधा आहे: प्रसंग आपल्याला जितकं दुखवतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल आपण मनात बोललेलं वाक्य दुखवतं. उच्चार चुकला, हा प्रसंग. ‘म्हणजे मी अडाणी, लेकीची आई म्हणवून घ्यायला नालायक,’ हे वाक्य. ते पकडून, खरं-खोटं तपासून बदलता येतं. अक्कांनी ते वाक्य स्वतः पकडलं होतं. आता ते तपासायचं होतं.

पुढच्या भेटीत मी त्यांना रिसीटची कुळकथा सांगितली. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘पी’ नव्हता. मूळ लॅटिन शब्दात आहे म्हणून पुढे विद्वानांनी तो लिहिण्यात घुसवला. लोक मात्र पूर्वीसारखंच बोलत राहिले. कर्जाच्या ‘डेट’मधला ‘बी’ही तसाच आलेला. ‘नाइफ’मधला ‘के’ मात्र एके काळी खरंच उच्चारत असत. 1476 साली इंग्लंडमध्ये छापखाना आला, हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं आणि बोलणं पुढे निघून गेलं.

‘म्हणजे तो पी नुसता दाखवायला ठेवलाय?’

‘हो.’

‘मग लिहिलंय तसं मी वाचलं. त्यात माझी अक्कल कुठं कमी पडली?’ असं म्हणून त्या जोरात हसल्या. त्या खिडकीत हसायचं राहून गेलं होतं, ते हसू मला त्या दिवशी बघायला मिळालं.

‘रिसीट’ असंच म्हणायचं, त्यात सूट नाही. मात्र ती चूक आता शब्दाची होती, बाईची नव्हती. तिथून पुढे शिकणं जमू लागलं.

अक्कांना जे करायला सांगितलं, ते सगळ्यांनाच सांगते. कोशातली यादी बंद करा. सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या तोंडी येणारे इंग्रजी शब्द एक दिवस टिपा. मिक्सर, चार्जर, बीम, बॉबिन, ऑर्डर, डिलिव्हरी असं करत अक्कांचे 137 भरले. ‘येत नाही’ म्हणणाऱ्या बाईचे एका दिवसातले! मग त्यांचेच अर्थ आणि उच्चार तपासा, कारण मराठीत रुळताना शब्द बदलतात. आपण हॉटेलात चहा-भजी खायला जातो, इंग्रजीतलं हॉटेल मुक्कामाचं असतं. आपण ‘मला बीपी आहे’ म्हणतो, पण रक्तदाब तर प्रत्येकाला असतोच, म्हणून इंग्रजीत ‘हाय’ जोडावं लागतं.

शब्द एकटा पाठ करू नका, त्याच्या सोबत्यासह घ्या. आपण फोटो ‘काढतो’, इंग्रजीत तो ‘टेक’ करतात. ‘टेक अ फोटो’ हे अख्खंच तोंडात बसवायचं. दिवसाला पाच पुरेत, आणि कालचे पाच आज पुन्हा बोलायचे.

क्रमही उलटा करा. आधी ऐका, मग बोला, लिहिणं सगळ्यात शेवटी. मोबाइलवरच्या शब्दकोशात आवाजाची खूण असते, तीन वेळा ऐकून मग आपला आवाज रेकॉर्ड करा. वहीत देवनागरीत लिहा आणि ज्या भागावर जोर, त्याखाली रेघ ओढा. हा जोर मराठी माणसाच्या हातून हमखास सुटतो. ‘होटेल’मध्ये तो ‘टेल’वर आहे. जोर नसलेले स्वर इंग्रज गिळतो, म्हणून ‘कम्फर्टेबल’चं ‘कम्फ्टबल’ ऐकू येतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. आपणही ‘मुलगी’ लिहितो आणि ‘मुल्गी’ म्हणतो, ‘सरकार’ला ‘सर्कार’ म्हणतो, आणि त्यासाठी आपल्याला कुणी कधी नियम शिकवला नाही.

आणखी एक, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोलाचं. आठवड्यातून एकदा चारचौघांत मुद्दाम विचारायचं, ‘याचा अर्थ काय?’ किंवा ‘हे कसं म्हणतात?’ एलिस एकोणिसाव्या वर्षी, बुजरेपणा मोडायला, न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर शंभरेक अनोळखी बायकांशी स्वतःहून बोलले. हाती काही लागलं नाही, पण भीती गेली. अक्कांनी सुरुवात औषधाच्या दुकानात केली, मग कुरिअरवाल्याला विचारलं, मग लेकीला. लेकीला विचारणं सगळ्यात जड गेलं. बदल्यात लेक रोज एक तेलुगू शब्द मागू लागली, ही मात्र माझी सूचना नव्हती.

ऑक्टोबरच्या पालकसभेला अक्का स्वतः गेल्या. वर्गशिक्षिका मुलांच्या ‘अटेन्शन स्पॅन’बद्दल बोलत होत्या. अक्कांनी हात वर केला. ‘मिस, स्पॅन म्हणजे?’ बाईंनी मराठीत सांगितलं, किती वेळ लक्ष टिकतं ते. मागच्या बाकावरच्या दोघींनी तो शब्द लिहून घेतला. सभा सुटल्यावर त्यातली एक जिन्यात अक्कांना गाठून विचारत होती, त्याआधी बाई काय म्हणाल्या ते.