‘झालाच पाहिजे’: जे अजून झालं नाही, त्याला ‘झाला’ का म्हणायचं?

डिचोलीची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी भाषणं आणि चळवळींच्या घोषणा यांवर प्रकल्प करते आहे. ती विचारते: “घरी आम्ही कोकणी बोलतो. व्हायला हवं ते ‘जावंक जाय’. मराठीत मात्र ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. महाराष्ट्र तर अजून व्हायचा होता, मग ‘झाला’ हा भूतकाळ कसा? आणि अनेकवचनी मागणी फलकावर लिहिताना ‘पाहिजे’ की ‘पाहिजेत’?”

हा प्रश्न घरच्या कोकणीमुळे सुचला, याचं मला फार अप्रूप वाटलं. लहानपणापासून मराठीच बोलणाऱ्याच्या कानावरून ही घोषणा सरळ निघून जाते.

शाळेत ‘ला’ म्हणजे भूतकाळ असं पाठ करून घेतात. पण फोंड्याच्या बाजारात आमच्या नेहमीच्या दुकानदाराला हाक मारून बघा. तो आत गूळ जोखत असतो आणि तिथूनच ओरडतो, “आलो, आलो!” आलेला तर नसतोच, तराजूवरचा हातही निघालेला नसतो. ‘उद्या भेटलास की सांगतो’, ‘पाऊस पडला तर सभा मंडपात’, ‘मेलो तरी सही करणार नाही’ ही सगळी वाक्यं पुढच्या काळाची आहेत. तुमच्या घरीही स्वयंपाकघरातून ‘आयलें’ असंच ऐकू येत असेल. हा ‘ला’ काम पुरं झाल्याचं सांगतो. ते कधी पुरं झालं किंवा होणार, हे उरलेल्या वाक्यावरून कळतं.

आता ‘पाहिजे’. जुन्या मराठीत ‘-इजे’ लावून कर्मणी रूपं होत: कीजे, दीजे, बोलिजे. ज्ञानेश्वरी उघडली की ती पानोपानी भेटतात. बोलण्यातून ती गेली, दोन मात्र राहिली. ‘म्हणिजे’चं ‘म्हणजे’ झालं, आणि ‘पाहिजे’ जवळजवळ जसंच्या तसं टिकलं. त्याचा मूळ अर्थ पाहिलं जातं, वाट पाहिली जाते, आणि त्यातूनच ‘हवं असतं’. म्हणून ‘झाला पाहिजे’ मी असं वाचतो: झालेला दिसावा, झालेला डोळ्यांनी बघायचा आहे. ‘झाला’ तिथे का बसतो, ते यावरून उलगडतं.

मराठीत ‘व्हायला पाहिजे’ही आहे, ते तुमच्या ‘जावंक जाय’च्या जवळचं. दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. ‘पूल व्हायला पाहिजे’ हे बसस्टॉपवरचं मत झालं. ‘पूल झालाच पाहिजे’ म्हणणारा मनाने पुलावर उभा राहून बोलतो. ‘च’ची जागाही बघण्यासारखी आहे. ‘झाला पाहिजेच’ म्हटलं तर हट्ट मागणीवर येतो. ‘झालाच’ म्हटलं की तो पुऱ्या झालेल्या कामावर जाऊन बसतो. शिवाय ‘लाच’वर जमावाचा आवाज आपटतो आणि शेवटचा ‘जे’ हवा तेवढा लांबवता येतो. एकाने ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हणायचं आणि मैदानाने ‘झालाच पाहिजे’ म्हणायचं, ही वाटणी या आवाजांना नेमकी बसते.

तुमच्या प्रकल्पासाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. या वाक्यात करणारा नाही. कोणी करायचं, कोणासाठी करायचं, याचा पत्ता नाही. पेडणे-सावंतवाडीकडचं गाऱ्हाणं आठवा. तिथे देवाला नाव घेऊन हाक असते, कोणाच्या वतीने मागणं आहे ते सांगितलेलं असतं, आणि गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्यावर आपला शिक्का मारतो. टिळकांच्या ‘मिळवणारच’च्या मागे ‘मी’ ठाम उभा असतो. ‘चले जाव’ समोरच्याच्या तोंडावर म्हणायचं असतं. ‘झालाच पाहिजे’त ना ‘मी’ आहे, ना ‘तू’. त्यामुळे गिरणी कामगारापासून वकिलापर्यंत कोणीही त्या आवाजात सामील होऊ शकतो. मुंबईत ते शोभलंही. तिथे निर्णय दिल्लीच्या हातात होता, मैदानातल्या लोकांच्या हातात मागणी तेवढी होती. १ मे १९६० ला राज्य झालं.

तीच घोषणा मग ‘गोवा महाराष्ट्रात विलीन झालाच पाहिजे’ म्हणून इकडे आली. इथली गोष्ट मात्र वेगळी होती. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात निर्णय मतदाराच्याच हातात होता. विलीनीकरण हवं तर फूल, वेगळा केंद्रशासित प्रदेश हवा तर दोन पानं. ज्याने करायचं तोच समोर बसलेला, आणि घोषणेत त्याला जागाच नाही! दुसऱ्या बाजूची घोषणा होती ‘आमचें गोंय आमकां जाय’. चार शब्दांत दोनदा ‘आम्ही’. गोंय कोणाचं आणि कोणाला हवं, दोन्ही त्यात आलं. आणि ‘आमकां’ म्हणणाऱ्याला आपलं मत कुठे पडायला हवं ते वेगळं सांगावं लागत नाही.

कौल वेगळं राहण्याच्या बाजूने लागला: १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतं. तो घोषणेच्या व्याकरणामुळे लागला असं प्रकल्पात कृपा करून लिहू नका. जमीन, धर्म, जात, भाषा, नोकऱ्या, महाराष्ट्रात मिसळून जाण्याची भीती, असं बरंच काही त्या मतांमागे होतं. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कोकणी अशी सरळ रेघही मारू नका. विलीनीकरणाच्या बाजूने दैनिक ‘गोमन्तक’ जितक्या हिरिरीने लिहीत होता, तितक्याच हिरिरीने मडगावचं ‘राष्ट्रमत’ विरोधात लिहीत होतं, तेही मराठीतच. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेलं सदर त्यातलंच. ‘आम्हाला पाहिजे’ ही रचना मराठीतही रोजची आहे, म्हणजे माणसाला जागा नसणं हा मराठीचा दोष नाही. मुंबईत गाजलेला साचा तयार होता, तो उचलला गेला. ऐकणारा बदलला होता, याकडे मात्र लक्ष गेलं नाही, असं माझं मत आहे. मी स्वतः ‘मराठी राजभाषा झालीच पाहिजे’ म्हणत मोर्चात चाललो आहे, म्हणून हे मला जास्त जाणवतं. आम्ही घसा फोडून ओरडलो, पण मराठी कोणाला, कशासाठी हवी आहे, ते त्या तीन-चार शब्दांत आलं नाही.

राहिला फलक. ‘पाहिजे’ मुळात कर्मणी रूप होतं हे बोलणारे विसरले, ते साधं क्रियापद वाटायला लागलं, आणि म्हणून त्याला अनेकवचनाचा ‘त’ लागला. लिहिताना ‘खाणी सुरू झाल्याच पाहिजेत’ हेच बरोबर. मोर्चात मात्र ‘पाहिजे’च ऐकू येईल, कारण ‘त’ला जीभ दातांवर टेकते, आवाज तिथेच अडतो आणि शेवट मोकळा लांबवता येत नाही. फलकावर ‘त’ लिहा. ओरडताना तो गळला तर गळू द्या.