वृद्धाश्रमात उलट्या-जुलाबांची साथ, मुलाची नोटीस आणि रजिस्टरचं एक पान

प्रश्न : ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या ट्रस्टचा वृद्धाश्रम आहे, मी तिथली व्यवस्थापक. सोळा आजी-आजोबा, सगळे पैसे भरून राहणारे. डिसेंबरात एका सोमवारी रात्री जेवणाच्या खोलीत एका आजोबांना उलटी झाली, आणि ती पुसलेला पोछाच सगळ्या व्हरांड्यात फिरला. बुधवारपर्यंत नऊ जण आणि दोन आया आडव्या. ८२ वर्षांच्या एका आजींना गुरुवारी संध्याकाळी हॉस्पिटलात हलवावं लागलं. सहा दिवस सलाइनवर होत्या, आता बऱ्या आहेत. त्यांच्या पुण्याच्या मुलाने वकिलामार्फत सहा लाखांची नोटीस पाठवली आहे, पोलिसात जाईन असंही लिहिलं आहे. एक विश्वस्त म्हणतात, आजाऱ्यांच्या रोजच्या नोंदींचं रजिस्टर नव्याने लिहून काढा. त्यातल्या त्या दिवसांच्या पानाचा फोटो सोबत पाठवते. परवा आणखी दोघांना सुरू झालं, पण घरच्यांना कळवू नका म्हणतात. काय करू?

उत्तर : ताई, रजिस्टरला हात लावू नका. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून दोनदा वाचला. मंगळवार, रात्री सव्वादोन : "दो बार उल्टी. थोड़ा ओआरएस पिया." रात्रपाळीच्या आयाचं वाकडं अक्षर, शेजारी तिची सही. रात्री कुणीतरी जागं होतं, उशाशी बसलं होतं, हे सांगणारा तुमच्याकडे दुसरा कागद नाही. नव्याने लिहिलेलं रजिस्टर ओळखू येतं : एकच शाई, एकच हात, कुठे खाडाखोड नाही. शिवाय पुराव्यात वापरला जाऊ नये म्हणून दस्तऐवज नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. काही लिहायचं राहिलं असेल तर आजची तारीख घालून, सही करून 'नंतरची नोंद' म्हणून खाली लिहा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेही आजच उतरवून घ्या.

आता त्याच पानावरची दुखरी जागा. बुधवारी सकाळी अकरा वाजता आजींच्या नावापुढे "पेशाब कम" असं आहे. डॉक्टर आले गुरुवारी संध्याकाळी पाचला. मधले तीस तास. साथ आली हा तुमचा दोष नाही, नोरोव्हायरससारखा विषाणू अगदी थोड्या कणांनी पसरतो आणि चांगल्या चालणाऱ्या संस्थांतही शिरतो. धडधाकट माणूस एक ते तीन दिवसांत उठतो. म्हाताऱ्या माणसाचं मात्र अंगातलं पाणी कमी होऊन मूत्रपिंडांवर येतं, आणि लघवी कमी होणं ही त्याचीच खूण. तुमच्या माहितीपत्रकावर 'चोवीस तास नर्सिंग' छापलं आहे. मुलाचा वकील हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवील. इथे तुमची बाजू कमकुवत आहे, हे आज माझ्याकडून कळलेलं बरं.

पोलिसांची भीती मात्र इतकी बाळगू नका. डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं, की फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. तुम्ही डॉक्टर नाही, तरी युक्तिवाद त्याच अंगाने करता येतो. मला काळजी वाटते ती परवाच्या दोघांची. जिवाला धोका असलेल्या रोगाचा संसर्ग पसरेल हे माहीत असून हलगर्जी करणं कलम २७१ मध्ये येतं. डिसेंबरात तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे.

म्हणून आजच त्या दोघांना वेगळी खोली, वेगळं संडास द्या. पहिल्या रात्री उलटी पुसलेला पोछाच सगळ्या व्हरांड्यात फिरला, असं तुम्हीच लिहिलंय. तो टाकून द्या. पाच टक्के ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, या पाण्याने नळ, कठडे, कमोड पुसून घ्या. हात साबणाने धुवायचे, सॅनिटायझरवर हा विषाणू फारसा दबत नाही. दोघांच्या शौचाचे नमुने तपासायला द्या. डिसेंबरात कुणी दिलेच नाहीत, त्यामुळे रोगाचं नाव आज कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. टाकीचं पाणीही तपासा. आजारी आयांना उलट्या-जुलाब थांबल्यावर पुढचे ४८ तास कामावर घेऊ नका, आणि त्यांचा पगार कापू नका. रोजी बुडेल म्हणून अंगावर काढून त्यांच्यापैकी कुणी कामाला आली, तर तिच्या कामाची जबाबदारी मालक म्हणून संस्थेवरच येते.

सोळाही घरांना आज फोन करा आणि लेखी कळवा. भेटी काही दिवस बंद ठेवता येतील, पण फोनवर बोलू द्या, आणि कुणालाही खोलीत कुलूपबंद करू नका, तो स्वतंत्र गुन्हा होतो. सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पत्र द्या, प्रतीवर शिक्का घ्या.

नोटिशीचं उत्तर मुदतीत वकिलाकडून जाऊ द्या. मुलगा पैसे भरत असल्याने तोही ग्राहक, पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करू शकतो, घटनेपासून दोन वर्षांत. आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह आली की उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये तसं स्पष्ट केलंय. प्रवेशाच्या वेळी 'संस्था जबाबदार नाही' अशी सही घेतलीत, तिच्यावर विसंबू नका.

माझं मत विचाराल तर हॉस्पिटलचं बिल ट्रस्टने द्यावं आणि बोलणी तिथून सुरू करावीत. सहा लाख नाही. विमा असेल तर आधी विमा कंपनीला लेखी कळवा, त्यांना न विचारता काही कबूल केलंत तर दावा अडकतो. आजींना भेटायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. जा, वाईट वाटलं ते सांगा. वाईट वाटलं म्हणणं हा कबुलीजबाब नव्हे, फक्त कारणांचे तर्क करू नका, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. आणि नोटिशीचं पाकीट फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरच्या शिक्क्यात आहे.