वाचकांचे प्रश्न : विमान जमिनीवर वाट कसे चुकते?

प्रश्न : विमान जमिनीवर संथ चालते आणि कोणत्या मार्गाने जायचे हे नियंत्रक वैमानिकाला सांगतो. तरीही विमान चुकीच्या टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे ये-जा करण्याच्या रस्त्यावर, किंवा थेट धावपट्टीवर शिरल्याच्या बातम्या येतात. हे कसे घडते?

उत्तर : वैमानिकाने सूचना नीट ऐकली नाही, असा आपला पहिला समज होतो आणि पुष्कळदा तो खराही असतो. म्हणूनच सुरक्षेशी संबंधित सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची, असा दंडक आहे. परंतु उच्चारलेली सूचना बरोबर असूनही चाके भलतीकडे जाऊ शकतात, हे मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी दिसले. दाट धुक्यात एका छोट्या सेसना जेटला ‘आर ५’ मार्गाने जाण्यास सांगितले होते आणि वैमानिकाने ते अचूक म्हणून दाखवले होते. प्रत्यक्षात मात्र विमान ‘आर ६’वर वळले आणि उड्डाणासाठी धावत असलेल्या स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या विमानापुढे आले. ११८ जण मृत्युमुखी पडले. वाटेत त्या वैमानिकाने ‘एस ४’ ही जमिनीवर रंगवलेली खूण दिसत असल्याचे कळवले होते. पण ती खूण नियंत्रकाला ठाऊकच नव्हती, आणि विमान नेमके कोठे आहे हे दाखवणारे ग्राउंड रडारही तेव्हा कार्यरत नव्हते. अशा अपघाताचा सारा दोष वैमानिकाच्या माथी मारणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

म्हणूनच तोंडी सूचनेइतकेच महत्त्व जमिनीवरील खुणांना आहे. टॅक्सीवेच्या मध्यरेषेवर हिरवे दिवे असतात आणि कडांना निळे. धावपट्टीच्या कडांचे दिवे बहुतांशी पांढरे असतात. धावपट्टीच्या अलीकडे चार पिवळ्या रेघा आडव्या रंगवलेल्या असतात, त्यांपैकी दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेघा ज्या बाजूला, त्या बाजूने येणाऱ्या विमानाने परवानगीशिवाय पुढे जायचे नाही. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक असतो आणि अनेक ठिकाणी जमिनीत लाल दिव्यांची आडवी रांग बसवलेली असते. तिला स्टॉप बार म्हणतात. ती विझल्याशिवाय पुढे जायचे नाही, मग नियंत्रकाची परवानगी मिळाली आहे असे वाटत असले तरी!

टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर शिरले आणि उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान त्यावर आदळले. त्या ठिकाणचे स्टॉप बार तेव्हा देखभालीसाठी बंद होते. ‘धावपट्टीच्या अलीकडे थांबण्याच्या जागेपर्यंत या’ ही सूचना तटरक्षक विमानाने येथेही बरोबर म्हणून दाखवली होती. मात्र उड्डाणासाठी तुमचा पहिला क्रमांक आहे, हेही नियंत्रकाने सांगितले होते. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण सुखरूप बाहेर पडले. तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण दगावले. नियंत्रण मनोऱ्यातील पडद्यावर धावपट्टी अडल्याचा इशारा उमटला होता, परंतु तो कोणाच्या लक्षात आला नाही. इशारा डोळ्यांना दिसण्यापुरता न ठेवता कानांनाही ऐकू यावा, ही अपेक्षा त्यामुळे रास्त ठरते.

प्रश्न : उभ्या विमानाला दुसऱ्या विमानाचा पंख घासतो, तेव्हा वैमानिकाला तो दिसत नाही का?

उत्तर : मोठ्या विमानांत बहुधा नाही. बोइंग ७७७-३००ईआरच्या पंखांचा विस्तार ६४.८ मीटर आहे आणि पंख मागे झुकलेले असल्यामुळे त्यांची टोके कॉकपिटच्या बरीच मागे राहतात. वैमानिक मध्यरेषेवर भरवसा ठेवून चालतो. पण शेजारचे विमान आपल्या जागेत पुरते आत शिरलेले नसेल, तर मध्यरेषा अचूक धरूनही टक्कर होऊ शकते. शंका आल्यास विमान जागीच थांबवून पंखांच्या टोकांशी कर्मचारी उभे करण्याची मागणी करणे हाच खात्रीचा उपाय आहे, मग त्यात दहा मिनिटे गेली तरी चालतील.