‘प्राणवायूचा ताण’ की ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’?

फोंड्याहून एका विज्ञान शिक्षिकेने विचारले आहे : “माझ्या भाचीने जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी भिरंडांच्या (कोकमांच्या) सालींवर प्रबंधिका लिहिली आहे. तिचा गोषवारा मराठीत करून देताना मी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’पाशी अडले. ‘प्राणवायूचा ताण’ असे लिहिले तर चालेल का? त्या ताणापासून मेंदूचे आणि लिव्हरचे रक्षण, असा पुढचा विषय आहे. तिथे लिव्हरला ‘काळीज’ म्हणावे की ‘यकृत’?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘चालणार नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण रसायनशास्त्राइतकेच मराठीच्या षष्ठी विभक्तीत दडलेले आहे. ‘कामाचा ताण’ किंवा ‘परीक्षेचा ताण’ म्हटले की काम फार झाले, परीक्षा डोक्यावर बसली, असे आपण समजतो. मात्र बागायतदार ‘झाडांना पाण्याचा ताण दिला’ असे म्हणतो, तेव्हा त्याने पाणी तोडलेले असते. म्हणजे जी गोष्ट मुळातच ओझे आहे तिचा ताण हा आधिक्याचा, आणि जी गोष्ट जगायला हवी तिचा ताण हा तुटवड्याचा, असा भेद आपण कोणी न शिकवता पाळतो. प्राणवायू दुसऱ्या गटात पडतो. २०२१ च्या उन्हाळ्यातील कोविडचे दिवस ज्यांच्या स्मरणात आहेत, ते तर ‘प्राणवायूचा ताण’ हे शब्द वाचताच सिलिंडरच आठवतील. भाचीच्या प्रबंधिकेत मात्र प्राणवायू कमी पडलेला नाही. जो आहे त्याच्या काही उपद्रवी रूपांचा बंदोबस्त पेशीला जमेनासा झाला आहे.

हे उपद्रवी रूप कसे तयार होते, ते थोडक्यात सांगतो, कारण शब्दाची निवड त्यावरच ठरते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकाँड्रियांमध्ये) ऑक्सिजनच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे पाणी होते. कधी त्याला एकच इलेक्ट्रॉन मिळतो आणि सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला कण) जन्माला येते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि लोहाच्या सान्निध्यात त्यापासून हायड्रॉक्सिल मूलक, असा हा वंश वाढत जातो. (एका भाषांतरात मी ‘मुक्त मूलगामी’ असे वाचले होते, जणू पेशीत एखादी चळवळच उभी राहिली आहे.) यांना आवरण्यासाठी पेशीकडे सुपरऑक्साइड डिसम्यूटेज आणि कॅटालेज ही विकरे (एन्झाइम) असतात, शिवाय ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूचा साठा असतो. त्यांपैकी पहिल्या विकराचे कार्य मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. उपद्रव आणि बंदोबस्त यांचा तोल उपद्रवाच्या बाजूने ढळणे, याला जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ या संज्ञेखाली व्याख्येत बसवले. ओझे आहे ते ऑक्सिडीकरणाचे, म्हणजे या उपद्रवी रूपांनी इतर रेणूंचे इलेक्ट्रॉन हिरावून घेण्याचे. म्हणून ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ असे म्हणावे. ही षष्ठी ‘कामाचा ताण’मधील षष्ठीसारखी आहे आणि वाचकाला ती चकवत नाही.

‘ऑक्सिडीकारक ताण’ असेही लिहिलेले आढळते. ते चूक नाही, पण त्यात ताण हाच ऑक्सिडीकरण करतो असा अर्थ डोकावतो. शीर्षकात आटोपशीर संज्ञा हवी असेल, तर ‘ऑक्सिडीकरण-ताण’ असा समास करावा. ‘तणाव’ मला इथे रुचत नाही; तो दोन देशांत असतो, सासू-सुनेत असतो, एका पेशीत एकटा कसा असेल? भौतिकशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘स्ट्रेस’ला ‘प्रतिबल’ म्हणतात आणि दोरीतल्या ओढीला ‘ताण’. परंतु हान्स सेली यांनी १९३६ पासून शरीरक्रियाशास्त्रात जी कल्पना रूढ केली, तिच्यासाठी मराठीने ‘ताण’ हाच शब्द स्वीकारलेला आहे, आणि तो मोडून इथे प्रतिबल आणण्याचे कारण नाही.

‘प्राणवायू’विषयी आणखी एक अडचण आहे. आयुर्वेदाच्या पंचवायूंत प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान असे वायू आहेत, आणि त्यांतला प्राण म्हणजे ऑक्सिजन नव्हे. भिरंडासारख्या घरगुती औषधी फळावरच्या लेखात हा गोंधळ हटकून होईल.

ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रियेला मराठीत ‘क्षपण’ आणि ती घडवणाऱ्या पदार्थाला ‘क्षपणक’ म्हणतात. महाराष्ट्रातील दहावीच्या मुलाला हा शब्द ठाऊक असतो. आपल्याकडे पुष्कळ मुले प्राथमिक शाळा मराठीत वा कोकणीत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात, त्यामुळे गोव्यातील पुष्कळ मराठी वाचकांना ‘क्षपणक’ म्हणजे विक्रमादित्याच्या नवरत्नांपैकी अमरसिंहाचा सोबती, एवढेच आठवण्याचा संभव आहे. गोषवाऱ्यात हा शब्द आलाच तर पहिल्या वेळी अर्थ सांगून वापरावा. ‘अँटिऑक्सिडंट’ मात्र तसाच ठेवला तरी बिघडत नाही, कारण तो चहाच्या पुड्यावरून घरोघरी पोहोचला आहे. शुद्ध रूप हवेच असेल, तर ‘ऑक्सिडीकरणरोधक’ पुरेसे स्पष्ट आहे.

आता मेंदू. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीत शरीर जो ऑक्सिजन वापरते त्यातला सुमारे २० टक्के वाटा तो एकटा उचलतो. त्यातच त्याच्या पेशींच्या पटलांमध्ये बहुअसंपृक्त (पॉलीअनसॅच्युरेटेड) मेदाम्ले भरपूर असतात, आणि मुक्त मूलके त्यांच्यावर सहज हल्ला करतात. गोषवाऱ्यात ‘लिपिड पेरॉक्सिडेशन’ असा शब्द असणारच. त्याच्यासाठी ‘मेदांचे पेरॉक्सिडीकरण’ लिहावे, पण एकदा तरी ‘मेद खवटणे’ असेही लिहावे, असा माझा आग्रह आहे. गेल्या मोसमातले काजूगर डब्याचे झाकण सैल राहून चतुर्थीपर्यंत खवट होतात, तेव्हा त्यांच्या तेलात बव्हंशी याच जातीची साखळी विक्रिया चाललेली असते. (पावसाळ्यात खोबऱ्याच्या वाटीला येणारा खवटपणा जरा निराळा, तिथे ओल आणि बुरशी मेदाचे तुकडे पाडतात, म्हणून उदाहरण काजूचेच द्यावे.) भाचीने ऊतींत (टिश्यूंत) मेद खवटल्यावर बनणारे मॅलोनडायअल्डिहाइड मोजले असेल, तर थायोबार्बिट्युरिक आम्लाने गुलाबी रंग आणणारी तीच चाचणी खाद्यपदार्थांचा खवटपणा मोजायलाही वापरतात. इतका नेमका शब्द स्वयंपाकघरात असताना तो शास्त्रीय लेखनातून हद्दपार का करावा?

‘ऊती’ हा शब्दही जाता जाता पाहण्याजोगा आहे. संस्कृत ‘वे’ म्हणजे विणणे, त्याचे ‘ऊत’ म्हणजे विणलेले; ‘ओतप्रोत’मध्ये हाच धातू आहे. युरोपीय भाषांतही शरीरातील ऊतीचा शब्द विणलेल्या कापडावरूनच आला.

मेंदूतील चेतापेशींचे रक्षण करणाऱ्या ‘न्यूरोप्रोटेक्टिव्ह’ला ‘चेतारक्षक’ म्हणावे. ‘मज्जारक्षक’ टाळावे, कारण मज्जा म्हटले की हाडांतली अस्थिमज्जाही डोळ्यांपुढे येते. ‘हेपॅटोप्रोटेक्टिव्ह’ म्हणजे ‘यकृतरक्षक’. मात्र ‘रक्षक’ आणि ‘उपचारक’ यांची गल्लत होऊ देऊ नये. अशा प्रयोगांत बहुधा आधी वनस्पतीचा अर्क देतात आणि मग कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलची मोठी मात्रा देऊन यकृताला मुद्दाम इजा करतात. पॅरासिटामॉलपासून यकृतात एक विषारी पदार्थ बनतो. ग्लुटाथायोन त्याला निकामी करते, पण साठा संपला की पेशी मरू लागतात. अर्क दिलेल्या उंदरांत इजा कमी झाली, तर तो रक्षणाचा पुरावा झाला, आजारी यकृत बरे केल्याचा नव्हे. म्हणून ‘भिरंड यकृताला गुणकारी’ असे शीर्षक न देता ‘उंदरांच्या यकृतातील इजेवर भिरंडाच्या सालीच्या अर्काचा रक्षक परिणाम’ असे लांबलचक शीर्षकच द्यावे.

राहिले काळीज. मटणाच्या दुकानात मराठी माणूस ‘काळीज’ मागतो तेव्हा त्याला यकृतच हवे असते. अमरकोशात यकृताचा समानार्थी म्हणून ‘कालखण्ड’ दिला आहे. काळपट रंगावरून पडलेले हे नाव, आणि काळीज त्याच कुळातले. परंतु बोलीत ते केव्हाच वर सरकले : काळजाचा ठोका चुकतो, काळीज तुटते, उलट्या काळजाचा माणूस भेटतो, आणि यांत कुठेही पित्त तयार करणारा अवयव अभिप्रेत नसतो. गोव्यात तर शेजारची कोकणी ‘काळीज’ म्हणजे सरळ हृदय असेच समजते. ‘काळजाचे ऑक्सिडीकरणाच्या ताणापासून रक्षण’ असे लिहिल्यास फोंड्यातले निम्मे वाचक हा हृदयविकाराचा लेख समजतील. तेव्हा ‘यकृत’च लिहावे, आणि ज्यांना तो शब्द जड वाटतो त्यांच्यासाठी पहिल्या उल्लेखाला ‘यकृत, म्हणजे लिव्हर’ अशी जोड द्यावी.