२००० साली राल्फ नेडर यांच्यामुळेच अल गोर हरले का?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या त्या निवडणुकीत ग्रीन पक्षाचे नेडर उभे नसते तर डेमोक्रॅटिक पक्षाचे गोर बहुधा जिंकले असते, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडणं योग्य नाही. फ्लोरिडा राज्यात रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले आणि नेडरना तिथे ९७,४८८ मतं पडली होती. अमेरिकेत जवळपास प्रत्येक राज्यात ज्याला सर्वाधिक मतं, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) मिळतात, मग निम्मी मतं नसली तरी चालतं. त्यामुळे फ्लोरिडाचे २५ इलेक्टर एकगठ्ठा बुशकडे गेले आणि निकाल २७१ विरुद्ध २६६ असा लागला. मतदानोत्तर चाचण्यांत नेडरच्या मतदारांपैकी गोरकडे झुकणारे बुशकडे झुकणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त दिसले. उरलेले मतदानालाच आले नसते. एवढ्याशा फरकात तेवढं पुरे. मात्र हाच न्याय लावला तर समाजवादी पक्षाच्या डेव्हिड मॅकरेनॉल्ड्स यांनाही दोषी धरावं लागेल, कारण फ्लोरिडात त्यांची मतं होती ६२२! शिवाय तिसरा उमेदवार दर वेळी कुणाचा तरी खेळ बिघडवतोच असं नाही. १९९२ मध्ये रॉस पेरो यांनी जवळपास १९ टक्के मतं घेतली, पण चाचण्यांनुसार त्यांचे मतदार थोरले बुश आणि क्लिंटन यांच्यात साधारण सारखेच विभागले गेले असते.