फाटलं की उसवलं? शिवणकामाचे वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जीन्स मांडीच्या आतल्या बाजूला फाटते. हाताने शिवली तरी थोड्याच दिवसांत टाक्यांशेजारी पुन्हा फाटते. काय चुकतं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : भोकाच्या दोन कडा ओढून एकत्र शिवता, तिथेच चुकतं. मांड्या घासून आजूबाजूचं कापडही विरलेलं असतं. त्यात घट्ट टाके पडले की सगळा ताण सुईच्या भोकांवर येतो. जीन्स उजेडासमोर धरा. जिथवर उजेड झिरपतो, तिथवरचं कापड गेलं असं धरून ठिगळ त्याच्याही पुढे चहूबाजूंनी २ सेंमी घ्या.

ठिगळ जुन्या, धुऊन मऊ झालेल्या जीन्सचंच बरं. कोरं कापड नंतर आटतं आणि भोवती चुण्या पडतात. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. ठिगळाचा उभा धागा जीन्सच्या उभ्या धाग्याशी जुळवा आणि ते आतून लावा. कडा मात्र दुमडू नका, जाड कड मांडीला काचते. आधी कच्चे टाके घाला, जीन्स घालून उठून-बसून पाहा, मगच पक्कं शिवा. धावदोऱ्याच्या ओळी ५ मिमी अंतराने, सबंध ठिगळावरून धडक्या कापडापर्यंत न्या. ओळ संपवून वळताना दोरा किंचित सैल सोडा, नाहीतर कापड गोळा होतं. मधल्या जाड शिवणीपाशी अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) लागेलच. स्ट्रेच जीन्सला ठिगळही ताणणारंच हवं.

प्रश्न : ब्लाउज घट्ट होऊन काखेत उसवला. घरी सैल करता येईल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : येईल, आत माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) असेल तर. ब्लाउज उलटा करून बाजूची शिवण पाहा. जुनी टीप आधी उसवू नका! ती कापड धरून ठेवते. तिच्यापासून अर्धा सेंमी बाहेर, कडेच्या बाजूला, नवी टीप मारा: बाहीच्या टोकापासून काखेतून थेट कमरेपर्यंत, एका दमात. मग जुनी उसवा. दोन्ही बाजूंना पुढचा-मागचा मिळून चार ठिकाणी अर्धा-अर्धा सेंमी सुटतो, म्हणजे घेर २ सेंमीने वाढतो. सुती कापडावर जुन्या टिपेची भोकं ओलसर इस्त्रीने बरीच बुजतात. रेशमावर ती राहतात, म्हणून तिथे आधी आतल्या मायेत एक-दोन टाके उसवून पाहा. शिवण उसवली नसून कापडच फाटलं असेल, तर आतून त्याच रंगाचा पातळ तुकडा लावल्याशिवाय टीप टिकणार नाही.

प्रश्न : कुर्त्याच्या बाजूच्या कटाचं टोक सारखं वर फाटत जातं. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बसताना सगळा ताण त्या एका टाक्यावर येतो. टोकाच्या आतून ३ सेंमीचा सुती तुकडा ठेवा आणि दुहेरी दोऱ्याने टोकावर आडवे पाच-सहा टाके एकाच जागी घाला. तरीही ओढ बसत असेल, तर कुर्ता नितंबावर घट्ट आहे. कट २-३ सेंमी वर न्या आणि नव्या टोकालाही असाच तुकडा लावा.